कोण म्हणे?

आमच्या डहाणूच्या घराचं छप्पर जून ते सप्टेंबर गातं. ते तीन ठिकाणी गळतं: पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटापासून बरोबर दीड हातावर. तिन्ही ठिकाणी वेगळी भांडी लावलेली असल्यामुळे तीन वेगळे सूर लागतात. पडवीतला तेलाचा रिकामा डबा खर्जात, दारातलं ॲल्युमिनियमचं पातेलं तारसप्तकात आणि कपाटाजवळची प्लॅस्टिकची बादली कुठल्याच स्वरात नाही.

मागल्या पावसाळ्यात अशाच एका रात्री मुलानं मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर मी एक जुना हॉलिवूडपट बघत बसलो होतो. ‘नाइट अँड डे’, १९४६ सालचा. कोल पोर्टर या अमेरिकन गीतकाराचं, म्हणजे शब्दही त्याचे आणि चालही त्याची अशा माणसाचं, हे संगीतमय चरित्र. पोर्टर झालाय कॅरी ग्रँट, त्यामुळे बायकोही भाजी निवडत शेजारी बसली होती. त्यात एक प्रसंग येतो. पोर्टर पियानोपाशी बसलेला असतो, सुचत काही नसतं. घड्याळ टिकटिक करतं. बाहेर पाऊस टपटपतो. पोर्टरचा चेहरा बदलतो, एक बोट एकाच पट्टीवर पुन्हा पुन्हा पडू लागतं, आणि आपण हातातली शेपूची जुडी संपवेपर्यंत जगप्रसिद्ध गाणं तयार! खरा पोर्टर हे गाणं १९३२ साली एका नाटकासाठी लिहून मोकळा झाला होता, पण नाटकाची तारीख जवळ आली म्हणून लिहिलं हे काही पडद्यावर दाखवण्यासारखं कारण नव्हे.

मी चित्रपट थांबवला. आमच्याकडे घड्याळ होतं, पाऊस होता, शिवाय पोर्टरकडे नव्हता असा तीन भांड्यांचा वाद्यवृंद होता. अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला एखादी ओळ सुचायला काय हरकत आहे? मी डोळे मिटून कान दिला.

“अहो,” बायको म्हणाली, “बादलीचा आवाज बदललाय. भरली असेल. ओता ती.”

या प्रसंगानंतर मला गीतकारांच्या चरित्रपटांचा नाद लागला. हॉलिवूडनं चाळिशीच्या दशकात हे चित्रपट आंब्याच्या पेट्यांसारखे भरभरून बाजारात पाठवले. एक पेटी उघडली की बाकीच्यांत काय आहे ते कळतं. नायकाच्या घरच्यांना वाटत असतं पोरानं वकील व्हावं. पहिला प्रकाशक त्याला हाकलतो. जिन्यात एक मुलगी भेटते, तिला गाणं आवडतं. मग आगगाडीची चाकं फिरतात, वर्तमानपत्रं गरगरत अंगावर येतात, नाट्यगृहांच्या पाट्या लखलखतात आणि दोन मिनिटांत दहा वर्षं जातात. मग एखादं आजारपण. शेवटी भला मोठा रंगमंच, दोनशे नर्तक, आणि सगळ्यांचा हिशेब चुकता. जेरोम कर्नवरच्या ‘टिल द क्लाउड्स रोल बाय’मध्ये, हाही १९४६चाच, कथानकाला आधार म्हणून कर्नला एक जिवलग मित्र आणि त्या मित्राला एक मुलगी दिली आहे. दोघंही लेखकांच्या मेजावर जन्मलेली. खुद्द कर्न चित्रपट पुरा व्हायच्या आत, नोव्हेंबर १९४५मध्ये, वारला. त्यामुळे हा मित्र कोण, हे विचारायचीही त्याला सोय उरली नाही.

पण त्या चित्रपटाचा शेवट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मिसिसिपीच्या धक्क्यावर ओझी वाहणाऱ्या काळ्या हमालाचं म्हणून कर्ननं चाल लावलेलं गाणं आहे. शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे. ते गाणं शेवटी कोण गातं? फ्रँक सिनात्रा, पांढराशुभ्र सूट घालून, पांढऱ्या चबुतऱ्यावर उभा राहून. गातो छानच. पण आयुष्यात कापसाची गासडी सोडा, उशीसुद्धा या माणसानं उचलली असेल असं त्या सुटाकडे बघून वाटत नाही. कुणाचं ओझं, कुणाचं गाणं आणि कुणाचा चबुतरा, या हिशेबात माझी झोप उडाली आणि मी आणखी मागे, १९३९ सालच्या ‘स्वानी रिव्हर’कडे गेलो.

हे स्टीफन फॉस्टरचं चरित्र. एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा सगळ्यात लाडका गीतकार. चित्रपट रंगीत आहे, नायक डॉन अमिची देखणा आहे, आणि त्यात खोटं किती हे मोजायला बसलं तर पावसाळा पुरणार नाही. मला खऱ्या फॉस्टरचीच गोष्ट जास्त चटका लावून गेली. १८५१ साली त्यानं दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या घराच्या आठवणीचं गाणं लिहिलं. नदी त्यानं पाहिलेली नव्हती. आधी त्यानं दुसऱ्याच एका नदीचं नाव घातलं होतं, ते चालीत बसेना, म्हणून भावानं नकाशा काढला. नकाशात फ्लोरिडातली सुवानी सापडली. तीही अर्धी मात्रा जास्त भरत होती, तेव्हा फॉस्टरनं नदीचंच एक अक्षर कापलं आणि तिला स्वानी केलं. आता कोणी म्हणेल हा काय प्रकार! पण वृत्तासाठी नद्या कातरणारे कवी मी मराठीतही शिकवले आहेत, तेव्हा मी त्याला माफ केलं. फ्लोरिडानं तर १९३५ साली ते गाणं राज्यगीत करून टाकलं.

खरी गंमत, किंवा गंमत नव्हेच ती, पुढे आहे. ते गाणं छापून आलं तेव्हा त्यावर फॉस्टरचं नाव नव्हतं. ई. पी. ख्रिस्टी नावाचा एक खेळवाला होता. तोंडाला काळं फासून काळ्या गुलामांची सोंगं आणणाऱ्या गोऱ्या गवयांची कंपनी चालवणारा. फॉस्टरनं कवी म्हणवून घेण्याचा मान थोड्या पैशांत त्याला विकला होता. गाणं डोक्यावर घेतलं गेलं तसा फॉस्टरला पश्चात्ताप झाला, नाव परत मागितलं, ख्रिस्टीनं दिलं नाही. १८६४ साली फॉस्टर न्यूयॉर्कमध्ये सदतिसाव्या वर्षी मेला तेव्हा त्याच्या पाकिटात अडतीस सेंट होते. चित्रपटात ख्रिस्टीचं काम अल जॉल्सननं केलंय, आणि तोंडाला काळं फासण्यात तोही वस्ताद. म्हणजे गुलामांच्या दुःखाचं गाणं गोऱ्या फॉस्टरनं लिहिलं, नाव ख्रिस्टीचं लागलं, आणि ज्यांचं ते दुःख म्हणून विकलं गेलं, ते पडद्यावर मागच्या रांगेत.

“मग यात गाणं कुणाचं?” मी बायकोला विचारलं.

“ज्याला झोप येत नाही त्याचं,” ती कूस बदलत म्हणाली.

तिचंही बरोबर होतं. पण मला आठवत होतं ते आमच्या शाळेचं अंगण. लहानपणी, शाळेच्या दोन खांबांना पांढरी चादर बांधून, घरघरणाऱ्या यंत्रावर आम्हाला ‘संत तुकाराम’ दाखवला होता. मी चादरीच्या उलट्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे माझ्या आठवणीतले, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस आजही डावरे आहेत. ‘प्रभात’चा हा १९३६चा बोलपट, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला, पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आपण त्याला संतपट म्हणतो. पण हॉलिवूडच्या पेटीत घालून बघा: घरचा धंदा बुडालेला, बायको करवादणारी, गावातला प्रतिस्पर्धी जळणारा, आणि नायक गाणी रचणारा. लोकप्रिय गीतकाराचं संगीतमय चरित्र म्हणायला आणखी काय लागतं? शेवट तर असा की सिनात्राच्या चबुतऱ्यानं लाजावं. इथे नायक थेट विमानातून वैकुंठाला जातो.

आणि या चित्रपटातला खलनायक सालोमालो काय करतो? तलवार नाही, विष नाही. तो तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून सांगत फिरतो. मराठी कवींना ही चोरी जुनी माहीत होती, म्हणून तर त्यांनी कुलूप बसवून ठेवलं होतं: शेवटच्या चरणात कवीचं नाव. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. अमेरिकेतल्यासारखं मुखपृष्ठावर नाव टाकलं की ते विकता येतं, पुसता येतं. गाण्याच्या आतच गोवून टाकलं की काढताना मात्रा तुटतात. फॉस्टरला कुणी ही युक्ती सांगितली असती तर! पण कुलूप आलं म्हणजे सालोमालो आलाच. खऱ्या तुकोबांनीही त्याच्यावर चिडून अभंग लिहिलेत.

आता याच्यावरचा तुरा ऐका. त्या चित्रपटात झाडाच्या बीजाचं एक फार गाजलेलं पद आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसं ते तुकोबांचंच समजून भजनात म्हणत. गाथा चाळून चाळून लोक थकले. कारण ते पद लिहिलं होतं ‘प्रभात’च्या शांताराम आठवले यांनी, १९३६ साली, पुण्यात. सालोमालोनं तुकोबांचं गाणं आपलं म्हणून सांगितलं. आठवल्यांचं गाणं लोकांनी तुकोबांना देऊन टाकलं. चोरी दोन्ही वेळा झाली, पण दुसरीत चोर सापडत नाही.

१९४७च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ची तीच तऱ्हा. सोलापूरचा वेदशास्त्रसंपन्न घरातला ब्राह्मण, डफ-तुणतुण्याच्या नादानं तमाशाच्या फडात शिरलेला. राम जोशी झाले जयराम शिलेदार, फडातली बया झाली हंसा वाडकर, संगीत वसंत देसाईंचं. आणि राम जोश्याच्या तोंडी राम जोश्याच्या लावण्यांच्या पंगतीला गदिमांची गाणी. मूळ लावणी कुठली आणि माडगूळकरांची कुठली, हे शोधायला मी वर्गात पोरांना सांगत असे. पोरं हमखास उलटं सांगायची. माझी खात्री आहे की गदिमांना ते ऐकून राग आला नसता.

एवढा अभ्यास झाल्यावर माणसाला स्वतः चित्रपट लिहावासा वाटणं साहजिक आहे. विषय दूर शोधायला नको होता. मी ज्या तलासरी तालुक्यात आयुष्यभर नोकरी केली तिथं गाण्यांना तोटा नाही. तलासरी म्हणजे महाराष्ट्राचं टोक. अच्छाडच्या पुढे चार पावलं टाकली की मोबाइल गुजरातेत गेल्याचा संदेश देतो; एकदा तर शाळेच्या पटांगणात उभा असताना माझे पाय महाराष्ट्रात आणि फोन गुजरातेत होता. गाण्यांना असा संदेश कुणी पाठवत नाही. ती झरीकडून उंबरगावला, उंबरगावाहून सिल्वासाला आणि परत, टेम्पोतून, मोबाइलमधून आणि सासरी जाणाऱ्या पोरींबरोबर जा-ये करतात.

पहिल्यांदा वाटलं, नायक तारपावाला करावा. पडद्यावर काय दिसेल! भात कापून झालेलं, चांदणं पडलेलं, मधोमध हा पुरुषभर लांब तारपा धरून उभा. वाळलेला दुधी, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे मेणानं लिंपलेले. भोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी फिरतेय, तारपावाला जिकडे वळेल तिकडे वळतेय, कुणी त्याला पाठ दाखवत नाही. एवढा मान कोल पोर्टरलाही मिळाला नसेल. पण अडचण ध्यानात आली. तारपावाला श्वास न तोडता वाजवत राहतो. नाकानं घेतो, तोंडानं देतो. त्याचे गाल फुगलेले. म्हणजे नायकाला पूर्ण चित्रपटात एक संवाद नाही आणि नायिकेकडे बघून हसायचीही सोय नाही. निर्माता पळून जाईल.

मग मी धवलेरीकडे वळलो. वारली लग्न लावते ती धवलेरी. भटजी नाही, ती. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. तांदळाच्या पिठानं गेरूच्या भिंतीवर चौक काढतात, मधे पालघाट देवी, बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या, आणि चौक उमटत जातो तशी गाणी चालत राहतात. सगळं तोंडपाठ. कागद नाही, वही नाही, पेटीसुद्धा नाही. एकाच बाईत गीतकार, गायिका, पुरोहित. याहून मोठी नायिका हॉलिवूडला सात जन्मात मिळायची नाही.

योगायोगानं वैशाखात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. उंबरगावच्या कारखान्यात पाळीला जाणारा हा मुलगा. मुलगा म्हणतो, पण त्याच्याच पोराचं लग्न होतं. “गुरुजी, बाईंना घेऊन यायचंच,” म्हणाला. मी बाईंबरोबर वहीही घेतली.

पाड्यावर पोचलो तर मांडवाच्या एका अंगाला माणसाएवढे काळे भोंगे रचलेले, जनरेटर धडधडतोय, आणि डीजेवाला पोरगा कीबोर्डवरच्या तारप्याची धून लावून ती इतक्या जोरात वाजवतोय की खऱ्या तारप्यातलं मेण वितळावं. मी तोंड वाकडं केलं. शहरात शिकलेल्या माणसाला अशा वेळी संस्कृतीची फार काळजी वाटते. बायकोनं मात्र चप्पल काढून त्याच धुनेवर दोन फेऱ्या नाचून घेतल्या आणि मला विचारलं, “तुमचे गुडघे तुमची संस्कृती सांभाळतायत का?”

आत घरात वेगळाच काळ होता. ओलसर गेरूचा वास, कोपऱ्यात कणग्या, भिंतीवर पांढरा चौक जवळजवळ पुरा झालेला. चौघी-पाच जणी खाली बसून गात होत्या आणि मधली, पिकल्या केसांची, गाणं पुढे नेत होती. एक ओळ ती म्हणे, बाकीच्या उचलत. भोंग्यांचा धडधडाट भिंतीतून आत येत होता. तिनं आवाज एक रेघही चढवला नाही. बाहेरचा आवाज थकला की तिचा ऐकू येई.

थोडी उसंत मिळाल्यावर मी वही उघडली. “मावशी, हे गाणं कोणी रचलं?”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “लाकडं रचतात, गुरुजी. गाणं म्हणतात.”

बायका हसल्या. मी हटलो नाही. “मग तुम्ही कोणाकडून शिकलात?”

“आईच्या मागं बसून. मग सासूच्या मागं बसून.”

“आणि आईनं?”

“ते आईला विचारा. ती मेली,” ती म्हणाली, आणि विड्याचं पान हातात घेतलं. मुलाखत संपली होती.

रात्री मांडवाच्या कडेला खाटेवर पडून मी पटकथा मांडायला लागलो. प्रसंग पहिला: नायिकेला गाणं सुचतं. पण सुचतं कुठे? पियानो नाही हे चालेल, निदान क्षण तरी पाहिजे. इथे क्षणच नाही. आवणीच्या चिखलात, लाकडाच्या मोळीखाली, आईच्या पाठीमागे डुलक्या देताना ते वीसेक वर्षं आत मुरत आलंय. वर्तमानपत्र गरगरत आलं तरी त्यावर काय छापणार? ‘पाड्यावर लग्न लागले’? प्रकाशक हाकलतो तो प्रसंगही गेला, कारण प्रकाशक नाही. प्रतिस्पर्धी म्हणून शेजारच्या पाड्यावरची धवलेरी घेतली. तिच्या गाण्यात देवांचा क्रम थोडा वेगळा आहे म्हणे. पण दोघी नात्यानं विहिणी निघाल्या आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला ती बसूनच होती. राहता राहिला शेवटचा भव्य रंगमंच. तो डीजेवाल्यानं आधीच अडवला होता.

मला राहून राहून गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची आठवण येत होती. तेही याच भिंतींतून आले. चौक काढणं बायकांचं काम. सवाशिणींनी काढायचा, लग्न झालं की पुढच्या सारवणात तो पुसून जायचा. त्याखाली सही कोण करणार? सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त पाड्यापाड्यांतून फिरले, भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, आणि जिव्या म्हशे हे नाव १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत आणि २०११ साली पद्मश्रीपर्यंत पोचलं. २०१८च्या मेमध्ये ते गेले तेव्हा आमच्या भागातल्या माणसाला वाटलं, आपल्या भिंतीचा एक कोपरा गेला. चित्राला नाव मिळालं ते बरंच झालं. नावाबरोबर मोबदला येतो, आणि अडतीस सेंटांवर मरायची वेळ टळू शकते. ‘अनामिक लोककला’ असं आपण शहरात गहिवरून म्हणतो तेव्हा बरेचदा आपल्याला त्या कलेचे पैसे द्यायचे नसतात, एवढंच. पण चित्राला कागद मिळाला, तसं गाण्याचं काय करायचं? ते वहीत उतरवलं तर वहीवर नाव माझं. मग मी फॉस्टर की ख्रिस्टी, आणि तोंडाला काळं फासायचं ते केव्हा?

या विचारात डोळा लागला असावा, कारण जाग आली ती बायकांच्या हसण्यानं. पहाट व्हायला आली होती. डीजे थंड पडला होता, त्याचा मालक भोंग्याला टेकून घोरत होता. बायकांनी लग्नाची मोठी गाणी संपवून आता फिरकीची गाणी काढली होती. पाहुण्यांची टोपी उडवायची ती. वरमाईची झाली, मामाची झाली, ताडी पिऊन विहिरीकडे भलत्याच वाटेनं गेलेल्या चुलत्याची झाली. मग माझ्या कानावर आलं, डहाणूचा मास्तर.

मी उठून बसलो. डहाणूचा मास्तर लगनाला आला. डोळ्याला काच, हातात वही. गाण्याला विचारतो तुझी आई कोण, भाताला विचारत नाही तुला शिजवलं कोणी. असं काहीसं होतं. बोली त्यांची होती, माझ्या शब्दांत सांगितलं की त्यातलं मीठ जातं. पिकल्या केसांची ती बाई पुढे म्हणत होती आणि सगळ्याजणी उचलत होत्या, आणि त्या सगळ्याजणींत आमची बायको होती. शेवटच्या ओळीला तर ती इतरांच्या आधी पोचत होती.

ज्या गाण्यात मी रात्रभर दुसऱ्या कोणाचं नाव शोधत होतो त्यात नाव सापडलं ते माझं. तेही शेवटच्या चरणात, अगदी नाममुद्रेच्या जागी. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मी फुगलो. एसटीत बसल्यावर बायकोला म्हणालोसुद्धा, “म्हणजे लोकगीतात गेलो की मी आता. शंभर वर्षांनी कोणीतरी विचारेल, हा मास्तर कोण?”

माझी शंभर वर्षं तीन आठवडे चालली. मिरगाच्या आधी काही कामानिमित्त तलासरीच्या नाक्यावर गेलो होतो, तिथे तोच विद्यार्थी भेटला. त्यानं चहा पाजला आणि फोनवर दुसऱ्या कुठल्याशा लग्नाची चित्रफीत दाखवली. चाल कानावर पडताच मी ओळखली.

“हे तर माझं गाणं!” मी म्हणालो. सालोमालोसुद्धा याहून हळू म्हणाला असता.

“ते तुमचं गेलं, गुरुजी,” तो समजुतीनं म्हणाला. “आता त्या जागी ग्रामसेवक आहे.”

मी पुन्हा ऐकलं. ग्रामसेवक आला, हातात शिक्का. काच गेली, वही गेली, शिजवलेल्या भाताच्या जागी घरकुलाचा अर्ज आला. मात्रा एकही तुटली नव्हती. ग्रामसेवक माझ्यापेक्षा चालीत बराही बसत होता, हे मराठीचा शिक्षक म्हणून कबूल करणं भाग आहे.

“आणि गाणारी कोण?”

“आमच्या हिच्या मामीच्या पाड्यावरची. आपल्यावाली नाही.”

घरी आलो त्या रात्री पहिला पाऊस झाला. पाठोपाठ वीज गेली. लॅपटॉपमध्ये चार्जिंग नव्हतं, तेव्हा कुणाचंच चरित्र बघण्याची सोय नव्हती. अंधारात घड्याळ टिकटिकत होतं. पडवीत डबा खर्जात लागला, दारातलं पातेलं वर गेलं, आणि कपाटाजवळ बादली टपटपू लागली. मी ग्रामसेवकाची हकिकत सांगत होतो, थोडा दुखावलेल्या सुरात, आणि बायको मेणबत्ती शोधत इकडून तिकडे फिरत होती.

फिरता फिरता ती गुणगुणायला लागली. चाल तीच. डहाणूचा मास्तर परत आला होता, पण या वेळी त्याच्या डोक्यावर गळकं छप्पर होतं आणि समोर तुडुंब बादली. मास्तर विचारतो गाणं कोणाचं, बादली विचारते मला ओतणार कोण. पातेल्यावर एक थेंब पडे, मग ती ओळ म्हणे, मग डब्यात एक. तिसऱ्या फेरीला तर बादलीसुद्धा सुरात वाटू लागली.

मी चाचपडत वही काढली आणि अंधारात, ओळी एकमेकींवर चढत असतानाही, लिहून घेतलं. सगळं झाल्यावर खाली थोडी जागा उरली होती. तिथे नाव घालावं म्हणून पेन टेकवलं.

“आधी बादली ओता,” ती म्हणाली.